उंदराला मोजणारा माऊस

माऊस बिघडला की आपण तो सरळ भंगारात टाकतो. पण त्याच्या पोटात एक छोटासा कॅमेरा असतो. आजच्या भागात गोष्ट त्याचीच.

साल १९८०. अमेरिकेत दोन ठिकाणी, एकमेकांशी काहीही संबंध नसताना, ऑप्टिकल माऊस तयार झाले. एमआयटीतल्या स्टीव्ह कर्शच्या माऊसला बारीक रेघांचा खास पॅड लागायचा. झेरॉक्स पार्कच्या रिचर्ड लायनने १६ पिक्सेलचा सेन्सर आणि हालचाल ओळखणारं सर्किट एकाच चिपवर बसवलं, पण त्यालाही ठिपक्यांचा पॅड हवाच. साहजिकच घरोघरी पोचला तो गोळीवाला माऊस. आठवतंय ना, गोळी काढून आतला मळ नखाने खरवडायचा?

कोडं सुटलं एचपीच्या लॅबमध्ये, तेही स्कॅनर बनवताना! हातात धरून कागदावर फिरवायचा स्कॅनर किती सरकला, हे कळणार कसं? त्यांनी कागदाच्या तंतूंनाच खुणा मानलं. म्हणजे छापील पॅडची गरजच संपली. १९९९ मध्ये याच तंत्रावर मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाऊस एक्सप्लोरर आला. तो सेकंदाला १५०० फोटो काढायचा. लागोपाठच्या दोन फोटोंत खुणा जेवढ्या सरकल्या, त्यावरून माऊसची हालचाल कळते.

आता खरी गंमत. एडीएनएस-२६१० सारख्या चिपशी बोलायला दोनच सिग्नल लागतात, क्लॉक आणि डेटा. त्या दोन वायरी आर्डुइनोला जोडल्या की आडवी-उभी हालचाल थेट आकड्यांत मिळते. एडीएनएस-३०८० ला तर लोकांनी लांबचं बघणारी लेन्स लावली आणि ड्रोनखाली बसवलं, जमीन किती सरकली ते मोजायला. फक्त उंची वेगळी मोजावी लागते, कारण उंचावरून तीच हालचाल लहान दिसते.

२००७ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी हवेवर तरंगणाऱ्या थर्माकोलच्या गोळ्यावर खराखुरा उंदीर पळवला. डोकं स्थिर, पाय मोकळे, वरून सूक्ष्मदर्शकातून मेंदूचं निरीक्षण. गोळा किती फिरला हे कोण मोजत होतं? ऑप्टिकल माऊस! मेंदूविज्ञानातला प्रयोग, आणि मोजपट्टी कॉम्प्युटरच्या दुकानातली.

हल्लीच्या बऱ्याच स्वस्त माऊसमध्ये सेन्सर आणि कंट्रोलर एकाच चिपमध्ये असतात. मधल्या वायरीच नाहीत, मग जोडणार कुठे? म्हणून घरातला जुना माऊस टाकण्याआधी स्क्रू काढा आणि चिपवरचा नंबर वाचा. भेटू पुढच्या भागात!