तुकाराम : दिवाळे व ईश्वरशरणता
देहूच्या मोरे घराण्यात महाजनकी व सावकारी परंपरेने चालत आलेली असताना, १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकारामांचे दिवाळे निघाले, बाजारातील पत बुडाली आणि ज्येष्ठ पत्नी रखमा अन्नान्न करीत निवर्तली; तथापि या आपत्तीत त्यांनी दैवी कोप न पाहता विठ्ठलाची कृपाच मानली, ही त्यांच्या आत्मचरित्रपर अभंगांतील विलक्षण गोष्ट होय. परंपरेनुसार, कर्जखतांची निम्मी वाटणी बंधू कान्होबांना देऊन केवळ स्वतःच्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली. वैराग्याच्या भरातही भावाच्या हिश्शाला हात न लावण्याचा हा वाण्याचा चोख हिशेब लक्षणीय आहे. पुढे भंडारा डोंगरावरील एकांतातही स्वदोषांची कबुली आणि देवाशी हक्काचे भांडण त्यांनी सोडले नाही.