सोन्यामागे वसलेली गावे : डॉसन आणि आपले चिंचवड-चाकण

१८९७ सालच्या जून-जुलै महिन्यांत दोन छोट्या गावांची नावे जगाच्या कानी गेली. २२ जून रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, चिंचवडच्या चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. १७ जुलै रोजी 'पोर्टलंड' नावाची आगबोट कॅनडाच्या अतिउत्तरेकडील क्लोंडाइक खोऱ्यातले सोने घेऊन अमेरिकेतील सिॲटल बंदराला लागली आणि डॉसन हे नाव वर्तमानपत्रांत झळकले. दोन्ही गावे एकाच राणीच्या राज्यातली, पण दोन्ही घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तरीही ही दोन नावे शेजारी ठेवून पाहिली, तर अचानक आलेल्या संपत्तीने गाव कसे घडते आणि त्याचा इतिहास कोण लिहितो, हा प्रश्न स्पष्ट होतो.

डॉसनची हकीकत थोडक्यात अशी. १६ ऑगस्ट १८९६ रोजी क्लोंडाइक नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यात जॉर्ज कारमॅक, स्कूकम जिम आणि डॉसन चार्ली यांना सोने सापडले. यांतले शेवटचे दोघे मूलनिवासी होते. जोसेफ लाड्यू या व्यापाऱ्याने मात्र सोन्यामागे न धावता युकॉन आणि क्लोंडाइक यांच्या संगमावरची जमीन ताब्यात घेतली, भूखंड पाडले आणि विकले. 'पोर्टलंड'च्या बातमीनंतर सुमारे एक लाख माणसे उत्तरेकडे निघाली. वर्षभराचा शिधा बरोबर असल्याशिवाय सरहद्दीवरचे पोलीस पुढे सोडत नसत, त्यामुळे तो पाठीवर वाहत बर्फाळ खिंडी पुनःपुन्हा चढाव्या लागत. तीस-चाळीस हजार लोक पोहोचले, तेव्हा त्यांना कळले की ओढ्यांकाठच्या चांगल्या जागांवर आधीच खुंट्या ठोकल्या गेल्या आहेत. मालक व्हायला आलेले बहुतेक जण दुसऱ्याच्या खाणीत रोजंदारीवर राबले. १८९९ मध्ये अलास्कातील नोम येथे सोने असल्याची बातमी आली आणि गर्दी तिकडे वळली. १९०२ पर्यंत डॉसनची वस्ती पाच हजारांच्या खाली आली होती. आज तिथे दीड हजारांच्या आसपास माणसे राहतात.

आता आपल्याकडे वळू. मोरया गोसावींच्या समाधीचे चिंचवड आणि १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्ताखानाविरुद्ध सुमारे दोन महिने लढवलेल्या संग्रामदुर्गाचे चाकण ही दोन्ही जुनी गावे. येथे सोने निघाले नाही. येथे निघाली ती जमीन. मुंबई-पुणे रस्ता आणि लोहमार्ग यांच्या कडेची, नदीच्या पाण्याजवळची, सपाट जमीन. फाळणीनंतर निर्वासित सिंधी कुटुंबांची छावणी पिंपरीला वसली. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिनचा सरकारी कारखाना येथे आला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. आकुर्डीला बजाज, पिंपरी-चिंचवडला टेल्को आणि त्यांच्या आसपास सुटे भाग करणारी असंख्य वर्कशॉप उभी राहिली. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महानगरपालिका. १९७१ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेली वस्ती २०११ मध्ये सव्वासतरा लाखांच्या पुढे गेली.

डॉसन ओस पडले आणि पिंपरी-चिंचवड फुगत गेले, मग तुलना कशाची, असा प्रश्न विचारता येईल. माझ्या मते साम्य आकारात नाही, क्रमात आहे. संपत्ती नव्या जागी सरकते तेव्हा जुनी जागा मागे पडते, हे आपल्याकडेही घडले. चाकणला १९९९ मध्ये बजाजचा कारखाना आला. २००९ मध्ये फोक्सवॅगनने तेथे उत्पादन सुरू केले. त्याआधी, २००७ मध्ये, आकुर्डीच्या जुन्या बजाज कारखान्यातले वाहन-उत्पादन थांबले होते. तळेगावला २००८ मध्ये आलेल्या जनरल मोटर्सने २०२० च्या अखेरीस तेथील उत्पादन बंद केले. २०२३ मध्ये तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने केला. गावे तीच राहिली, पण कामगारांचे आयुष्य मात्र पाट्यांबरोबर बदलले.

दुसरे साम्य वाट्याचे आहे. क्लोंडाइकला उशिरा पोहोचलेल्या माणसाची इच्छा एकच होती: मजुरी नको, खुंटी हवी. २०१३ मध्ये चाकणच्या बजाज कारखान्यातील संप सुमारे पन्नास दिवस चालला. त्यात कामगारांची एक मागणी होती, प्रत्येकाला एक रुपया दराने कंपनीचे ५०० शेअर द्यावेत. मागणी मान्य झाली नाही, आणि अनेकांनी तिची थट्टा केली. परंतु कामगार चळवळीच्या इतिहासात तिचे स्थान वेगळे आहे. पगारवाढ मागणारा माणूस कारखान्याला परका असतो. शेअर मागणारा माणूस आपण येथले भागीदार आहोत असे म्हणत असतो. जमीन गेलेल्या शेतकऱ्यांच्या साडेबारा टक्के परताव्याचा प्रश्न प्राधिकरणात कित्येक वर्षे रेंगाळला, त्याच्या मुळाशीही हीच भावना आहे.

तिसरी गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. जेथे डॉसन वसले, तेथे संगमावर 'हान' लोकांची मासेमारीची जागा होती. गर्दी आल्यावर त्यांचे प्रमुख चीफ आयझॅक यांनी आपल्या लोकांना नदीच्या खालच्या अंगाला, मूसहाइड येथे हलवले. या लोंढ्यात आपली गाणी आणि नृत्ये टिकणार नाहीत हे त्यांनी ओळखले आणि ती अलास्कातील नातलगांकडे ठेव म्हणून सोपवली. डॉसनचे साहित्य म्हणून जगाने वाचले ते जॅक लंडनसारख्या बाहेरून आलेल्यांचे. ती ठेवलेली गाणी विसाव्या शतकाच्या अखेरीस परत आणली गेली. २०२३ मध्ये 'ट्रोन्डेक-क्लोंडाइक' या नावाने हा प्रदेश जागतिक वारसा यादीत गेला, तो सोन्यासाठी नव्हे, तर वसाहतवादाला मूलनिवाशांनी कसे तोंड दिले याच्या खुणांसाठी.

आपल्याकडे अशी ठेव कोणी ठेवली का? काही प्रमाणात ठेवली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी मुळशी-मावळच्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या आता 'परी'च्या संकेतस्थळावर वाचायला व ऐकायला मिळतात. या ओव्यांकडे आपण लोकसाहित्याच्या पेपरातला एक घटक म्हणून पाहतो. त्या याच प्रदेशाच्या, कारखान्यांच्या शेजारच्या गावांच्या इतिहासाची साधने आहेत, हे सहसा शिकवले जात नाही.

उलट बाजूही आहे. भोसरीच्या किंवा चाकणच्या वर्गात बसलेली मुले बहुतांशी येथे पोट भरायला आलेल्यांची आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेल्या या घरांना 'बाहेरचे' ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण क्लोंडाइकच्या वाटेवर शिधा वाहणारा गरीब माणूस जसा लुटारू नव्हता, तसे हेही नाहीत. भूखंड पाडून विकणारा लाड्यू वेगळा, आणि उशिरा पोहोचून मजुरी पत्करणारा वेगळा. या भागाचा इतिहास लिहिताना हा भेद सोडता येणार नाही.

पिंपरी-चिंचवडचा इतिहास आज कंपन्यांच्या स्मरणिकांत आणि महापालिकेच्या अहवालांत आहे. त्यात आकडे आहेत, माणसे कमी आहेत. जमीन दिलेल्या पिढीतले लोक अजून बोलू शकतात, पहिल्या पिढीचे निवृत्त कामगारही आहेत. एम.ए.च्या प्रकल्पांसाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि तो सुचवणाऱ्या आपण शिक्षकांनी त्यांच्याकडे जावे. ही माणसे गेल्यावर त्यांच्या आठवणी परत आणायला आपल्याजवळ अलास्कातले नातलग नाहीत.