तळटीप : आयस्फेट

* लेखकाने उल्लेखलेला ‘उघड्या गेटचा ट्रान्झिस्टर’ म्हणजे आयस्फेट. नेदरलँड्समधील पीट बर्गफेल्ड यांनी १९७० साली तो प्रथम मांडला. गेटवरचा धातूचा थर यात नसतो. त्याखालचे ऑक्साइड थेट द्रावणात बुडते. हायड्रोजन आयन त्याला चिकटले वा सुटले, की पृष्ठभागावरचा विद्युतभार बदलतो आणि खालून वाहणारा प्रवाह कमी-जास्त होतो. २५ अंश सेल्सिअसला पीएच एकाने बदलला तर फार तर ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. ऑक्साइडवर योग्य एन्झाइम बसवल्यास युरियाही मोजता येतो. रक्तातली प्रथिने थेट ओळखणे मात्र अवघड : क्षारांमुळे विद्युतभाराचा प्रभाव जेमतेम १ नॅनोमीटरपर्यंत पोचतो आणि प्रथिनाला पकडणारी अँटिबॉडीच सुमारे १० नॅनोमीटर लांब असते. — संपादक