परफ्यूममधला ‘मोहितो’: नोट म्हणजे नेमकं काय?

शॉपिंग ॲपवर परफ्यूम बघताना ‘मोहितो’, ‘रम’, ‘जिन’ अशा नोट्स दिसतात. बाटलीत खरंच दारू असते का? आणि वास दिवसभर तसाच राहतो का?

नोट म्हणजे घटक नव्हे
नोट म्हणजे नाकाला काय जाणवेल याचं वर्णन. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, ॲपचा आयकॉन. आतला कोड नाही. बहुतेक स्प्रे परफ्यूममध्ये अल्कोहोल असतंच, पण ते सुगंधी द्रव्यं विरघळवण्यासाठी. मग नोट मोगऱ्याची असो की रमची.

मोहितो बनतो कसा?
लिंबू, पुदिना आणि रम यांचा भास देणारी द्रव्यं मिसळून. अशा मिश्रणाला ‘अकॉर्ड’ म्हणतात. गेर्लांच्या ‘ओम’मध्ये (२००८) मोहितोचा, तर पेनहॅलिगन्सच्या ‘ज्युनिपर स्लिंग’मध्ये (२०११) जिनचा अकॉर्ड आहे.

लिंबाच्या वासातलं एक मुख्य द्रव्य लिमोनीन. आपल्या नागपुरी संत्र्याची साल पिळल्यावर उडणाऱ्या तेलातही ९० टक्क्यांच्या आसपास तेच असतं. पहाडी पुदिन्याचा वास कार्व्होनचा. गंमत म्हणजे याच रेणूची आरशातली प्रतिमा शेपूच्या बियांमध्ये सापडते!

वास लवकर का उडतो?
लिमोनीनसारखे रेणू हलके, म्हणून आधी उडतात. लिंबू-पुदिना ही ‘टॉप नोट’ साधारण अर्ध्या तासात ओसरते. नंतर उरतात व्हॅनिला, लाकूड, कस्तुरीसारख्या जड ‘बेस नोट्स’. तासन्‌तास अंगावर राहणार त्या याच.

उन्हात जपून
लिंबाचा रस त्वचेवर लागून ऊन बसलं की चट्टे, फोड येऊ शकतात. याला ‘मार्गारिटा डर्मटायटिस’ असं कॉकटेलचंच नाव आहे! कारण फ्युरोकुमरिन. साल दाबून काढलेल्या लिंबूतेलात ते असतं; डिस्टिल केलेल्या तेलात जवळपास नसतं. ‘इफ्रा’ ही जागतिक सुगंध-उद्योग संस्था अशा तेलांवर मर्यादा घालते. पण लेबल नसलेल्या स्वस्त कॉपीत काय आहे, कोण सांगणार? आमच्या नंदनवनात मे महिन्यात दुपारी बाहेर पडायचं तर असा स्प्रे उघड्या मानेवर नको, कपड्यावर मारा.

‘बाय नाऊ’ दाबण्याआधी
• खोक्याच्या मागच्या बाजूचा फोटो झूम करून घटकांची यादी वाचा.
• त्वचा संवेदनशील असेल तर ‘लिमोनीन’, ‘लिनालूल’ ही नावं शोधा.
• टॉपपेक्षा बेस नोट्सकडे बघा.
• आधी छोटी सॅम्पल बाटली मागवा. मनगटावर मारून तीन-चार तासांनी पुन्हा हुंगा. तेव्हाही आवडला, तरच मोठी घ्या.