अठराव्या वाढदिवसाचा इतिहास

रविवारी मी पुण्यातल्या एका बालगृहात कॉम्प्युटर शिकवायला जातो. तिथला एक मुलगा एकदा म्हणाला, "दादा, माझा वाढदिवस खरा नाहीये." तो लहानपणी स्टेशनवर सापडला. डॉक्टरांनी अंदाजाने वय सांगितलं, बाल कल्याण समितीने ते नोंदवलं आणि कायद्यासाठी तेच खरं वय ठरलं. या अंदाजानुसार तो येत्या जूनमध्ये अठरा वर्षांचा होईल आणि त्याला बालगृह सोडावं लागेल.

पुढे काय, हा प्रश्न जुनाच आहे. धर्मादायावर वाढलेल्या अनाथ, गरीब मुलांना मोठेपणी पोट भरता यावं म्हणून कसब शिकवायचं, हा १८५० च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याचा उद्देश होता. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जास्तीत जास्त सात वर्षं उस्तादाकडे ठेवता येई. अनाथ मुलाच्या बाबतीत पालकाचे अधिकार मॅजिस्ट्रेट वापरू शके. मुलाची मुदत फार तर एकविसाव्या वर्षापर्यंत, मुलीची लग्नापर्यंत.

१९८६ च्या बाल न्याय कायद्यात मुलींसाठी मर्यादा अठरा होती, मुलग्यांसाठी फक्त सोळा. २००० मध्ये दोघांसाठी अठरा झाली. २०१५ च्या कायद्याने अठरा ते एकवीस वयासाठी अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, व्याख्या केली. पण कलम ४६ म्हणतं, आर्थिक मदत 'देता येईल'. 'दिलीच पाहिजे' असं म्हणत नाही. सॉफ्टवेअरच्या कामात 'करता येईल' असं लिहिलेलं फीचर बहुतेक वेळा होतच नाही, हे मी रोज बघतो.

महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिलं. गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढून पुण्यात शिकलेल्या एका तरुणीने मुख्यमंत्र्यांपर्यंत जाऊन केलेल्या पाठपुराव्यामुळे हा प्रश्न पुढे आला होता. पण नोकरीच्या परीक्षेपर्यंत पोचायलाही आधी राहायला खोली लागते.

मला बाविसाव्या वर्षी नोकरी लागली, तेव्हा फ्लॅटचं डिपॉझिट बाबांनी भरलं. त्यात विशेष काही आहे असं मला वाटलंही नव्हतं.

परवा त्या मुलाने विचारलं, "खोली घेताना पालक म्हणून कुणाचा नंबर द्यायचा?" १८५० च्या कायद्याकडे या प्रश्नाचं उत्तर होतं. आजच्या कायद्यात तो सज्ञान आहे, त्यामुळे त्याला पालक लागत नाही. घरमालकाला मात्र लागतो.

मी त्याला माझा नंबर लिहायला सांगितला.