जाळं न टाकण्याची जागा

१८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात टी. एच. हक्सले यांनी ठासून सांगितलं की कॉड, हेरिंग, बांगडा अशा समुद्री माशांचे मोठे साठे माणसाच्या हातून संपणारे नाहीत. हक्सले हे त्या काळातले अव्वल जीवशास्त्रज्ञ, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्याच सुमारास वाफेवर चालणारे ट्रॉलर उत्तर समुद्राचा तळ खरवडू लागले होते. पहिल्या महायुद्धात सुरुंग आणि पाणबुड्यांच्या भीतीने तिथली बरीचशी मासेमारी थांबली. युद्धानंतर बोटी परतल्या तेव्हा मासे जास्त मिळाले, आणि आकारानेही मोठे. काही वर्षांत ते पुन्हा रोडावले. दुसऱ्या महायुद्धानंतरही हेच झालं. समुद्राला विसावा दिला की तो भरून येतो, हे युद्धांनी नकळत दाखवून दिलं.

पॅसिफिकमधल्या पलाऊ बेटांवर ही गोष्ट फार जुनी. तिथले गावप्रमुख एखादा प्रवाळखडक काही काळ बंद ठेवत, त्या बंदीला ‘बुल’ म्हणत. आपल्या कोकणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायची रीत, पण ती बंदी ऋतूची. एखादा तुकडा बारा महिने, कायमचा सोडून द्यायचा, हा विचार वेगळा. आणि त्याला कायद्याचं रूप मिळालं ते एका वेगळ्याच गरजेतून.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या उत्तरेला ली नावाचं छोटं गाव आहे. १९६२ च्या सुमारास ऑकलंड विद्यापीठाने तिथे सागरी प्रयोगशाळा काढली. पण ज्या खडकांचा अभ्यास करायचा, तिथलेच जीव लोक उचलून नेत. १९६५ मध्ये प्राध्यापक व्हॅल चॅपमन यांनी तो किनारा राखीव करावा असं सुचवलं. १९७१ च्या कायद्यात राखीव क्षेत्राचा मुख्य हेतू शास्त्रीय अभ्यास असाच लिहिला गेला. मासे वाढवण्यासाठी तो कायदा नव्हताच. प्रत्यक्ष घोषणा १९७५ मध्ये झाली. प्रयोगशाळेचे बिल बॅलंटाइन या कल्पनेसाठी पुढेही आयुष्यभर झटले.

जेमतेम पाच किलोमीटरच्या त्या पट्ट्यात मग जे घडलं ते मला आजही विलक्षण वाटतं. मासेमारीमुळे मोठे स्नॅपर मासे आणि शेवंडी कमी झाल्या होत्या, म्हणून काटेरी समुद्री अर्चिन बेसुमार वाढून केल्प नावाचं मोठं शेवाळ फस्त करत होते. खडक उघडे पडले होते. बंदीनंतर अर्चिन खाणारे मोठे मासे आणि शेवंडी परतल्या, अर्चिन आटोक्यात आले आणि केल्पची राई पुन्हा उभी राहिली. आधी फक्त उघडा खडक पाहिलेल्या माणसाला तिथे काय हरवलंय हे कळलंच नसतं.

तरीही मच्छीमाराचा प्रश्न उरतोच: यात माझं काय? त्याचं उत्तर फिलिपाइन्सच्या सुमिलॉन बेटावर मिळालं, तेही नुकसानीतून. १९७४ मध्ये सिलिमन विद्यापीठाच्या अँजेल अल्काला यांच्या पुढाकाराने तिथल्या प्रवाळखडकाचा सुमारे पाव भाग बंद झाला. उरलेल्या भागात मासेमारी चालू होती. १९८४ मध्ये स्थानिक राजकारण फिरलं, बंदी मोडली, सगळा खडक खुला झाला. जागा वाढली, पण दोनेक वर्षांत बेटावरचं उत्पन्न जवळपास निम्म्यावर आलं. बंद तुकड्यातले मासे बाहेरच्या जाळ्यांनाही पुरवठा करत होते, हे तो तुकडा गेल्यावर दिसलं. जवळच्या आपो बेटावर मात्र १९८२ पासून गावकरी स्वतःच आपल्या राखीव पट्ट्याची राखण करत आले. सुमिलॉनची बंदी राजकारणाबरोबर कोसळली. आपोची गावाच्या हातात राहिली.

आपल्याकडे मालवणला १३ एप्रिल १९८७ रोजी सागरी अभयारण्य जाहीर झालं: २९.१२ चौरस किलोमीटर, गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या भोवतीचा. मच्छीमारांनी तेव्हापासून विरोध केला, आणि तो समजण्यासारखा आहे. पोट ज्या पाण्यावर, त्यावरची रेघ दुसऱ्या कोणी ओढली होती. पण याच किनाऱ्यावरचे पारंपरिक मच्छीमार माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर बंदी घाला म्हणून वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. निर्बंध त्यांना परके नाहीत. मालवणच्या पाण्यात बंद तुकडा हवाच, असं मला वाटतं. मात्र तो कुठल्या खडकापासून कुठल्या खडकापर्यंत, हे आधी रापणकरांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना, विचारायला हवं होतं, आणि ते आजही विचारता येईल.