तलावावर उभी असलेली मुंबईची जामा मशीद

महात्मा फुले मंडईकडून झवेरी बाजाराच्या दिशेने निघाले की शेख मेमन स्ट्रीटच्या गजबजाटात मुंबईची जामा मशीद लागते. जुन्या शहराची ही प्रमुख मशीद एका तलावावर उभी आहे, हे मात्र येथून नित्य ये-जा करणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते.

मशिदीची पायाभरणी १७७५ मध्ये झाली. त्या वेळी येथे बागा व मोकळी जमीन होती आणि मधोमध मोठा तलाव होता. ही जागा एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याच्या मालकीची होती. तलाव अबाधित राखावा, या अटीवर त्याने मशिदीसाठी संमती दिली. साहजिकच तलाव न बुजवता त्यावरच बांधकाम करण्यात आले. मात्र ते रेंगाळले आणि १८०२ मध्ये पूर्णत्वास गेले.

या पूर्ततेचे वर्ष ‘जहाज-ए-आखिरत’, म्हणजे परलोकाचे जहाज, या शब्दांत गुंफलेले आहे. अरबी अक्षरांना संख्यामूल्य देण्याच्या ‘अबजद’ पद्धतीनुसार ‘जहाज’चे १६ आणि ‘आखिरत’चे १२०१ मिळून १२१७ होतात. हिजरी १२१७ चा प्रारंभ १८०२ मध्येच झाला. पाण्यावरील या वास्तूला आणि दर्यावर्दी कोकणी मुसलमान समाजाला हे नाव शोभून दिसते.

विटा व दगडांच्या या चौकोनी वास्तूभोवती दुमजली इमारतींची रांग असून त्यांच्या तळमजल्यावर दुकाने आहेत. पूर्वेकडील मुख्य दरवाजातून आत जाताच तलाव लागतो. तळाच्या झऱ्यांमुळे त्यात पाणी राहते व त्यात मासेही आहेत. नमाजापूर्वीच्या वजूसाठी या तलावाचा उपयोग होत आला आहे. तलावातून वर आलेल्या काळ्या दगडाच्या १६ कमानींनी मशिदीचा भार पेलला आहे. या कमानी १८७४ मध्ये बांधण्यात आल्या. वरच्या मजल्याला लाकडी खांबांच्या पाच रांगांचा आधार असून धर्मग्रंथ ठेवण्यासाठी खांबांतच जागा केलेली आहे.

नळाचे पाणी आल्यावर आणि पुढे मलेरियाच्या प्रतिबंधासाठी मुंबईतील अनेक तलाव व विहिरी बुजविण्यात आल्या. धोबी तलाव, गोवालिया टँक आता केवळ नावापुरते उरले आहेत. जामा मशिदीतील तलाव मात्र टिकून आहे. त्यामागे जागामालकाने घातलेली ती एक अट आहे.